महागलेला दाखला

सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने शहादे तालुक्यात वसलेले पुरुषोत्तमनगर हे स्वातंत्र्योत्तर काळाचे अपत्य आहे. दुसरे महायुद्ध चालू होते तेव्हा या नावाचे गाव नकाशावर नव्हते, नंदुरबार नावाचा जिल्हाही नव्हता. १९०६ साली खानदेशाची फाळणी होऊन जो पश्चिम खानदेश जिल्हा निर्माण झाला, त्याचे मुख्य ठाणे धुळ्यास होते आणि शहादे, तळोदे, नंदुरबार हे त्याचे उत्तरेकडील तालुके. त्यांचा स्वतंत्र जिल्हा होण्यास १ जुलै १९९८ ही तारीख उजाडावी लागली. तापी आणि सातपुडा यांच्या मधल्या या काळ्याभोर पट्ट्यात युद्धकाळात मुख्यत्वे कापूस आणि ज्वारी पिके. घरोघरी अहिराणी, गुजरी किंवा भिल्ली बोलली जाई, आणि सरकारी कागदावर उमटणारी मराठी ही बहुतेक मुलांना शाळेच्या पायरीवरच प्रथम भेटे. अशा मुलुखातील एखाद्या पाटलाच्या वा वाण्याच्या मुलाने १९३९ ते १९४५ या सहा वर्षांत 'मॅट्रिक' व्हावयाचे ठरविले तर त्याच्या वाट्यास काय येत असे, आणि ज्यांनी तो दाखला हाताशी आला असताना दूर लोटला त्यांनी नेमके काय लोटले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. युद्ध म्हटले की आपल्याला तोब्रुक, स्टालिनग्राड किंवा इंफाळ आठवते. चिमणीच्या उजेडात युक्लिडचे प्रमेय घोकणारा पोरगा आठवत नाही.

मॅट्रिक म्हणजे काय होते हे आजच्या दहावीच्या मापाने कळणे कठीण आहे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची, आणि त्या विद्यापीठात प्रवेश मिळविण्याची जी परीक्षा १८५९ पासून सुरू झाली तीच ही मॅट्रिक्युलेशन. तिच्या पहिल्याच तुकडीत न्यायमूर्ती रानडे होते. शाळेचा अभ्यास पुरा झाला, एवढेच सांगणारी ती परीक्षा नव्हती; कॉलेजच्या दरवाजावर उभा असलेला तो पहारेकरी होता. मराठी चौथी झाल्यावर इंग्रजी पहिली, आणि तेथून चढत चढत इंग्रजी सातवी, म्हणजेच मॅट्रिकचा वर्ग. ज्याला इंग्रजी शाळा परवडत नसे तो मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल देऊन तलाठी किंवा प्राथमिक शिक्षक होई, आणि तेही त्या काळी थोडे मानले जात नसे. परंतु मामलेदार कचेरीतील कारकुनी, रेल्वेची नोकरी, पोस्ट, बँक, वकिलीचे स्वप्न, या साऱ्यांचे कुलूप एकाच किल्लीने उघडे. कराचीपासून धारवाडपर्यंत पसरलेल्या त्या अवाढव्य विद्यापीठ-क्षेत्रात, खानदेशातला मुलगा आणि गिरगावातला मुलगा, दोघेही एकच प्रश्नपत्रिका सोडवीत. एकाच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र रोज येई आणि दुसऱ्याच्या गावी टपाल आठवड्यातून एकदा, याची दखल प्रश्नपत्रिका घेत नसे.

हायस्कूल म्हणजे मोठ्या गावची वस्तू. सुरत-भुसावळ बाजूची तापी व्हॅली रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाल्याने नंदुरबार, दोंडाईचे, अमळनेर या गावांना व्यापाराबरोबर शिक्षणाचीही बाजारपेठ लाभली. तापीच्या उत्तरेकडील शहादे-तळोदे मात्र रुळांपासून दूर राहिले. तिकडच्या खेड्यातील मुलाला शिकावयाचे तर नातलगाच्या ओसरीवर, वसतिगृहात, किंवा वार लावून जेवण्याच्या आश्रयावर राहावे लागे, आणि पावसाळ्यात तापी उतरून घरी येणे हे एक स्वतंत्र दिव्य होते. एवढा खटाटोप करून जो मुलगा इंग्रजी सातवीपर्यंत पोहोचे, त्याच्यामागे केवळ त्याची बुद्धी उभी नसे. बापाचे एखादे गहाण पडलेले शेत, आईचे मोडलेले दागिने आणि सबंध भाऊबंदांची अपेक्षा उभी असे.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, एकाही लोकप्रतिनिधीचा सल्ला न घेता, हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ राजीनामा देऊन बाहेर पडले आणि मुंबई इलाख्याचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. शिक्षणाच्या दृष्टीने याचा एक अर्थ असा की, साक्षरतेचे वर्ग, मूलोद्योगाच्या शाळा इत्यादी जे प्रयोग दोन वर्षांत हाती घेतले गेले होते, त्यांच्या पाठीवरचा हात निघून गेला. तरीही पहिली दोन वर्षे पश्चिम खानदेशातील शाळकरी मुलांना युद्ध हे भूगोलाच्या तासासारखे होते. भिंतीवरच्या नकाशावर गुरुजींची छडी वॉर्सा, पॅरिस, केरेन अशी फिरे आणि मराठा पलटणीचे नाव आले की वर्गात थोडी चुळबूळ होई.

युद्धाने घरात पाऊल टाकले ते कापसाच्या वाटेने. खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणावर जपान घेत असे. १९४१ च्या जुलैअखेर जपानशी असलेले आर्थिक व्यवहार गोठविण्यात आले, डिसेंबरात तर जपान शत्रूच झाला, आणि ज्या गाठींच्या भरवशावर मुलाची फी व वसतिगृहाचा खर्च ठरला होता त्या गाठींना गिऱ्हाईक उरले नाही. 'अधिक धान्य पिकवा' या सरकारी मोहिमेमुळे पुढे कापसाच्या जागी धान्य येऊ लागले आणि धान्याचे भाव भडकल्याने मोठ्या शेतकऱ्याची भरपाईही झाली. पण छोट्या शेतकऱ्याचा मुलगा ज्या एका हंगामात शाळेतून निघाला, तो भाव सुधारल्यावर परत आलाच असे नाही. युद्धाने शाळेतून ओढून नेलेल्या मुलांत सर्वांत मोठा वाटा या निनावी मुलांचा असावा, असे मला वाटते. त्यांच्या हाती ना बंदूक आली, ना झेंडा; औताचा कासरा तेवढा आला.

मार्च १९४२ मध्ये रंगून पडले. ब्रह्मदेश हातचा गेल्याची बातमी देशभर तांदळाच्या संदर्भात चर्चिली गेली, आणि पुढच्या वर्षी बंगालने तिची भीषण किंमत मोजली. परंतु ब्रह्मदेशातून घासलेटही येत असे, हे त्या वेळच्या प्रत्येक विद्यार्थ्याला परीक्षेच्या आधीच्या रात्री समजले. खेड्यात वीज नव्हतीच. कंदिलाची काच आणि बाटलीभर घासलेट यांवर रात्रीचा अभ्यास अवलंबून असे, आणि आता ते घासलेट नियंत्रणाखाली येऊन परवान्यावर, रांगेत उभे राहून मिळू लागले. दिवसा शेतात किंवा दुकानात हातभार लावून रात्री पुस्तक उघडणाऱ्या मुलाची यात जी कुचंबणा झाली ती मुंबईच्या अंधारपटापेक्षा कमी नव्हती, इतकेच की या काळोखासाठी कोणी भोंगा वाजविला नाही.

कागदाची कथा त्याच जातीची. परदेशातून येणारा कागद थांबला, आणि देशातील गिरण्यांच्या उत्पादनाचा फार मोठा हिस्सा सरकारने १९४२ साली स्वतःच्या गरजांसाठी राखून ठेवला. दैनिकांची पाने घटली, पाठ्यपुस्तके जुनाट, पिवळसर, पुसट छपाईची होऊ लागली, आणि शाळेत पाटी-पेन्सिलीला पुन्हा चांगले दिवस आले. एक वही दोन विषयांना, आधी शिसपेन्सिलीने आणि नंतर त्याच पानावर शाईने, असा काटकसरीचा वापर त्या पिढीच्या हाडीमासी खिळला; त्या पिढीतील कित्येक वृद्धांना पुढे सुबत्तेच्या काळातही पाकिटाची कोरी बाजू फेकून देववत नसे, त्याचे मूळ येथे असावे. नाण्यांचीही टंचाई पडली. तांबे वाचविण्यासाठी १९४३ पासून मधोमध भोक पाडलेला पैसा चलनात आला आणि मुलांनी तो दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. मोटारीला पेट्रोल मिळेना म्हणून तिच्या पाठीवर कोळशाच्या गॅसचे धुरकट यंत्र बसविण्यात आले, आणि लष्कराच्या वाहतुकीपायी उतारूंच्या गाड्या कमी झाल्या. परीक्षेचे केंद्र परगावी असलेल्या उमेदवाराने आदल्या दिवशी नव्हे तर आदल्या आठवड्यातच मुक्कामाला निघावे, हा शहाणपणा त्यातून आला.

सर्वांत विलक्षण बदल घड्याळाचा. १ सप्टेंबर १९४२ पासून सरकारने देशभरचे घड्याळ एक तास पुढे केले, ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तसेच राहिले. कारखान्यांची वीज वाचावी हा त्यामागील हेतू होता. पण ज्या गावांत वीजच नव्हती, तेथेही 'नवा टाइम' आणि 'जुना टाइम' असे दोन काळ एकाच वेळी नांदू लागले. गुरे, सूर्य आणि आजी जुन्या टाइमाने चालत. शाळेची घंटा आणि आगगाडी नव्या. घरून न्याहारी करून निघालेला मुलगा शाळेत वेळेवर पोहोचला की उशिरा, यावर प्रामाणिक वाद होऊ शके.

हे सारे हाल एका बाजूला. दुसऱ्या बाजूला याच युद्धाने मॅट्रिकच्या दाखल्याला पूर्वी कधी नव्हता असा भाव आणून दिला. १९३०-४० च्या मंदीच्या दशकात मॅट्रिक झालेला तरुण वर्षानुवर्षे अर्ज लिहीत बसे. युद्ध सुरू झाले तेव्हा दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी फौज युद्धाअखेरीस पंचवीस लाखांवर गेली, आणि ती सांभाळावयास केवळ शिपाई पुरत नाहीत. हिशेबनीस लागतात, भांडारपाल लागतात, तारायंत्रावर बसणारे, नकाशे वाचणारे, इंग्रजी हुकूम समजणारे लागतात. खडकी व देहूरोडचे दारूगोळ्याचे डेपो, पुरवठा खाते, विमानदल आणि आरमाराच्या संदेशशाखा यांनी मॅट्रिक झालेल्यांना, आणि निकड वाढली तशी नापास झालेल्यांनाही, बोलावून घेतले. २ मे १९४३ रोजी मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि एका नव्या सरकारी जमातीचा, म्हणजे रेशनिंग कारकुनाचा, जन्म झाला. कारकुनांच्या हातून एक सबंध शहर जेवत होते, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. किमती मात्र युद्धापूर्वीच्या अडीचपटीच्या आसपास चढल्या होत्या, आणि खाजगी शाळेतील मास्तरांचे पगार जवळजवळ जागच्या जागी होते. तेव्हा काल ज्याला आपण इंग्रजी व्याकरण शिकविले तो शिष्य डेपोत लागून आपल्यापेक्षा अधिक मिळवितो, हे पाहण्याचा प्रसंग अनेक गुरुजींवर आला, आणि काही गुरुजीही शिष्यामागोमाग गेले.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलांना जो प्रश्न पडला तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. ज्या पिढीपुढे दाखल्याची किंमत अशी चढती होती, तिलाच तो दाखला सोडून देण्याचे आवाहन आले. ८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर काँग्रेसचा 'छोडो भारत' ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना व कार्यकारिणीला अटक झाली, आणि पुढारी तुरुंगात गेल्यामुळे चळवळ ज्यांच्या हाती आली त्यांत विद्यार्थी अग्रभागी होते. अहमदाबादेत १० ऑगस्टला गुजरात कॉलेजचा विनोद किनारीवाला गोळीला बळी पडला. ११ ऑगस्टला पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा लावण्यास निघालेले सात तरुण पडले, त्यांत शाळकरी मुले होती.

खानदेशच्या मुलांची मने मात्र आधीच तापलेली होती, आणि त्याचे श्रेय एका शाळामास्तराकडे जाते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिकविणारे पांडुरंग सदाशिव साने यांनी मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी नोकरी सोडली, पण मास्तरकी सोडली नाही. ते पुढे जेथे जात, तुरुंगात असोत वा फैजपूरच्या ग्रामीण काँग्रेसच्या तयारीत असोत, त्यांच्याभोवती वर्ग भरे. साने गुरुजींच्या वसतिगृहात ज्यांनी दिवस काढले, किंवा त्यांची पुस्तके ज्यांनी चोरून रात्री संपविली, अशा मुलांना देशासाठी शाळा सोडणे ही बंडखोरी वाटत नसे, गृहपाठच वाटे. यातील धोका मी नाकारीत नाही. सोळा वर्षांच्या मुलाने आपले आयुष्य पणास लावावे हे मोठ्यांनी किती सहज स्वीकारावे, हा प्रश्न तेव्हाही घराघरांत विचारला गेला असेल, आणि तो विचारणारे बाप काही देशद्रोही नव्हते.

नंदुरबार हे व्यापारी गाव. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा, एका गुजराती भाषक व्यापारी कुटुंबातला. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, म्हणजे गांधीजींच्या अटकेस बरोबर एक महिना झाला तेव्हा, नंदुरबारच्या रस्त्यांतून मुलामुलींची प्रभातफेरी निघाली. शिरीषकुमारच्या हाती तिरंगा होता. माणिक चौकाच्या परिसरात पोलिसांनी फेरी अडविली, पांगण्याचा हुकूम दिला आणि तो मानला जाईना तेव्हा गोळीबार केला. बंदुकीचा रोख मुलींकडे वळलेला पाहून, मारावयाचे तर मला मारा, असे म्हणून तो पुढे झाला, अशी हकिकत गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही पडले. शिरीषकुमारला सोळावे वर्ष पुरे व्हावयास साडेतीन महिने बाकी होते. या पाच नावांत गुजराती आहेत, मराठी आहेत, वाणी आहेत, ब्राह्मण आहेत. नंदुरबारच्या पेठेतील कोणत्याही वर्गाची हजेरी घेतली असती तर अशीच नावे निघाली असती.

येथे क्षणभर दूर पाहण्यासारखे आहे. १९२६ आणि १९२७ साली जन्मलेल्या जर्मन मुलांना फेब्रुवारी १९४३ मध्ये हायस्कूलच्या वर्गांतून उचलून विमानवेधी तोफांवर मदतनीस म्हणून नेमण्यात आले. तोफांच्या पाळ्या सांभाळून त्यांनी काही तास अभ्यास करावा, आणि मास्तरांनी तोफखान्यावर जाऊन तो घ्यावा, अशी व्यवस्था होती. जपानात शाळकरी मुलेमुली कारखान्यांत राबू लागली. लंडनची मुले १९३९ सालीच गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून खेड्यांत पाठविली गेली होती. शिरीषकुमारच्या वयाची मुले सर्व खंडांत शाळेबाहेर काढली जात होती, परंतु इतरत्र ती राज्याच्या हुकमाने निघाली आणि नंदुरबारात ती राज्याचा हुकूम मोडून निघाली. हिंदुस्थानात सक्तीची लष्करभरती नव्हती. या देशातील मुलाला युद्धाने जी निवड दिली ती विचित्र होती, की सरकारी नोकरीचा दाखला घ्यावा की सरकारविरुद्ध गुन्ह्याचा.

गोळीबारानंतर शाळांचे काय झाले, हे हुतात्म्यांच्या कथेत फारसे येत नाही. हरताळ पडले, काही वर्ग आठवडेच्या आठवडे ओस राहिले, मुले पकडली गेली. वयाने लहान म्हणून कित्येकांना कैदेऐवजी छड्या मारून सोडण्यात आले. मग दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर बहुसंख्य मुले परत वर्गात येऊन बसली. परत येणाऱ्यांविषयी आपल्याकडे एक प्रकारचे अवघड मौन आहे. वास्तविक फेरीत चाललेला मुलगा आणि मार्चच्या परीक्षेचा अर्ज भरणारा मुलगा हा पुष्कळदा एकच होता; सप्टेंबरात त्याने घोषणा दिल्या, आणि जानेवारीत बापाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने बीजगणित काढले. अशा मुलास चळवळीतून फुटलेला म्हणणे हा अन्याय आहे. ज्यांनी वर्ष बुडविले, ज्यांची नावे पटावरून गेली, आणि ज्यांनी खाली मान घालून परीक्षा दिली, या तिन्ही प्रकारच्या मुलांनी पुढे एकाच स्वतंत्र देशाच्या कचेऱ्या, शाळा आणि सहकारी संस्था चालविल्या.

काही मात्र परत आले नाहीत. ते भूमिगत झाले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ अडवून लुटण्यात आला. खानदेशचे उत्तमराव पाटील आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारातून आलेले जी. डी. लाड व नागनाथ नायकवडी यांचा त्यात पुढाकार होता. लाड आणि नायकवडी दोघेही तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे, म्हणजे सरळ मार्गाने चालले असते तर पदवीच्या वयाचे. साडेपाच लाखांच्या घरातील ही रक्कम प्रतिसरकारच्या कार्याला गेली. योगायोग असा की त्याच दिवशी दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट होऊन शहर हादरले, आणि वर्तमानपत्रांची आधीच आखडलेली पाने त्या बातमीने भरून गेली.

आतापर्यंत जे सांगितले ते शाळा असलेल्यांचे झाले. शहाद्याच्या उत्तरेस नजर टाकली की सातपुड्याची जी निळी रांग दिसते, तिच्यातील भिल्ल आणि पावरा मुलांना मॅट्रिक घ्यावी की सोडावी हा पेच पडण्याचे कारणच नव्हते. हायस्कूल दूरच, मराठी पहिलीचा वर्गही बहुतेक पाड्यांवर नव्हता. त्यांचे गुरू निराळे होते. संत गुलाम महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, हा उपदेश करून तळोदे भागात हजारोंचा समुदाय उभा केला, आणि त्यांच्या निधनानंतर ते कार्य त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चालविले. परीक्षांचे दिवस जवळ आले होते तेव्हा, २ मार्च १९४३ रोजी, तळोदे तालुक्यात रावलापाणी येथे या अनुयायांवर इंग्रजी सत्तेने गोळ्या चालविल्या आणि आदिवासींचे रक्त सांडले. नंदुरबारच्या गोळीबारास तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. माणिक चौकाचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आणि रावलापाणी दीर्घकाळ डोंगराआडच राहिले, याचे एक कारण मला तरी स्पष्ट दिसते: शाळेत गेलेल्यांच्या मागे लिहिणारे मित्र उरतात. ज्यांच्यापर्यंत अक्षर पोहोचले नव्हते त्यांची कथा गाण्यांतून आणि सांगण्यातून जगली, आणि आपला लिखित इतिहास गाण्यांना पुरावा मानावयास फार उशिरा शिकला.

युद्ध चालू असतानाच, १९४४ साली, केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने युद्धोत्तर शिक्षणाची एक योजना प्रसिद्ध केली. शिक्षण-सल्लागार सर जॉन सार्जंट यांच्या नावाने ती ओळखली जाते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषा हे हायस्कूलचे माध्यम, पुस्तकी आणि तांत्रिक अशी दोन प्रकारची हायस्कुले, इत्यादी गोष्टी तीत होत्या. पण दोन कलमे आज वाचताना डोळे विस्फारतात. एक, हायस्कुलात जाण्यास लायक मुले पाचांत सुमारे एकच धरली होती. दुसरे, सार्वत्रिक प्राथमिक शिक्षण पुरे होण्यास चाळीस वर्षे लागतील असा अंदाज होता, म्हणजे साल १९८४. सरकारी योजना किती सावकाश चालावी यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. प्रत्यक्षात २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यातील साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास होती; सार्जंट साहेबांचा हिशेब सातपुड्याच्या बाबतीत उतावळाच ठरला.

युद्ध संपले आणि दाखल्याचा चढलेला भाव धाडकन उतरला. खाती मिटली, तात्पुरत्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नौसैनिकांचे जे बंड झाले त्याची ठिणगी 'तलवार' या संदेशशाळेत पडली, हा केवळ अपघात नव्हता. तेथील खलाशी शिकलेले होते, त्यांना भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने वाचता येत होती आणि पाळली न गेलेली मोजता येत होती. इकडे विद्यापीठाची मॅट्रिकही आपले दिवस मोजत होती. १९४८ च्या कायद्याने स्वतंत्र परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि १९४९ मध्ये पहिली एस.एस.सी. परीक्षा घेण्यात आली. नव्वद वर्षे कॉलेजच्या दारावर उभा असलेला पहारेकरी हटला. शाळेचा शेवट आता शाळेचाच झाला. पुढच्या काळात शहादे भागात ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांत पी. के. अण्णा पाटील यांच्या पुढाकाराने निघालेल्या विद्या प्रसारक मंडळाने साने गुरुजींचे नाव घेतले. मास्तरकीची नोकरी सोडलेल्या माणसाचे नाव शाळांना मिळावे यात मला विसंगती दिसत नाही.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट आणि निवृत्तिवेतन देण्याचे ठरले, आणि एकेकाळच्या विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. या खेपेचा दाखला तुरुंगाचा होता. सर्वसाधारण अट किमान सहा महिन्यांच्या कारावासाची. केंद्राच्या नियमांत दहा फटक्यांची शिक्षा भोगलेल्यांनाही पुढे जागा मिळाली. जुन्या तुरुंगांची दप्तरे जीर्ण झालेली, काही गहाळ, काही ठिकाणी नावात वडिलांचे नाव नाही तर काही ठिकाणी आडनावच चुकलेले. त्यामुळे ज्याने खरोखर भोगले त्याला सिद्ध करता येईना, आणि ज्याला कागद जमविता आले त्याचे काम झाले, अशा तक्रारी पुष्कळ झाल्या. बुडालेले वर्ष, हुकलेली परीक्षा, त्यामुळे न मिळालेली नोकरी, यांना त्या नियमांत रकाना नव्हता.

असा रकाना एका ठिकाणी मात्र आहे. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नावाची जाडजूड वही असते. तीत विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटी शाळा सोडण्याचे कारण लिहावे लागते. धुळे, नंदुरबार, अमळनेर, दोंडाईचे येथील ज्या जुन्या हायस्कुलांनी त्या वह्या जपल्या असतील, त्यांतील ऑगस्ट १९४२ ते जून १९४५ ही पाने उलगडून पाहण्याजोगी आहेत. कोणत्या हेडमास्तराने धीटपणे 'चळवळीत गेल्यामुळे' असे लिहिले, कोणी 'सतत गैरहजर' अशा मोघम शब्दांआड मुलाला झाकले, किती नावांपुढे 'फी न भरल्यामुळे' आहे, आणि कितींपुढे नोकरी, हे पाहिले तर युद्धाने या मुलुखातील मुलांचे काय केले याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज उरणार नाही. शिरीषकुमारच्या वयाची माणसे आता शंभरीला टेकली आहेत, त्यांच्याकडून ऐकावयाचे ते जवळजवळ संपले. कागद मात्र अजून असतील. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने दोन-तीन विद्यार्थी, एक कॅमेरा आणि शाळांच्या मुख्याध्यापकांच्या नावे एक परवानगीचे पत्र एवढ्यावर हे काम सुरू करावे. वाळवी आणि पावसाळा यांनी त्या वह्यांची मुदत आधीच ठरविली आहे.